रात्री दोन वाजता कूस कोण वळवतं?

जून २०२५ मध्ये आरे कॉलनीत कचऱ्याच्या ढिगावर कर्करोगाने जर्जर झालेली आजी सापडली आणि आपण सगळे हळहळलो. कुणी टाकलं, कसं धजावलं, यावर चार दिवस बोललो. अशा माणसाला ठेवायचं कुठे आणि तिथे त्याचं करणार कोण, हे मात्र राहूनच गेलं.

मुलांकडून पोटगी मिळवून देणारा २००७ चा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच कायद्याचं कलम १९ म्हणतं की, सरकारने जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक तरी वृद्धाश्रम काढावा. तेही 'काढता येईल' अशा मोघम भाषेत. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीच ९३ लाखांवर होती. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर होण्याआधीच ती लोकसभा संपली. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दारं, पकडायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा असे नियम केले. चांगलंच केलं. पण ते फ्लॅट विकत घेऊ शकणाऱ्यांसाठी, आणि दांडा धरायलाही हातात जोर लागतो.

वृद्धाश्रमाचा दर्जा माझ्या मते रात्रपाळीच्या मावशीवर ठरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडाशी, टाचांशी, हाड आणि गादी यांच्यात दबलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. आधी लाल डाग, मग फोड, मग पार हाडापर्यंत जखम. चांगली मावशी आधी कानाशी 'आजी, वळवते हं' म्हणते. मग दोघी मिळून खालची चादर उचलून वळवतात. ओढत नाहीत, कारण घासलं की कातडी सोलवटते. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून अधांतरी. एकटीवर वीस खाटा टाकल्या तर ती डायपर बदलून पुढेच पळणार. तिला कसा दोष द्यायचा? आया पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांच्या ड्यूटीवर आलेल्या बाईला हे सगळं शिकवायची जबाबदारी कुणाची, हेही ठरलेलं नाही.

अंधेरीला महाकाली केव्हज रोडवर 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' या जोगिणींचा वृद्धाश्रम आहे. त्यांच्या संघाची सुरुवात मला सारखी आठवते. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जान ज्युगां नावाच्या, मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या बाईने एका आंधळ्या म्हातारीला घरी आणलं. स्वतःची खाट तिला दिली आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. संघ, नियम, इमारती सगळं त्यानंतरचं. पुढे ती या म्हाताऱ्यांसाठी टोपली घेऊन दारोदार मागत फिरली. २००९ मध्ये तिला संतपद मिळालं. मला मात्र तो माळा मोठा वाटतो. रात्री हाक आली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर ती झोपत होती.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही आईवडिलांसाठी जागा बघायला जाल, तेव्हा लॉबी आणि बाग बघून परतू नका. रात्री किती खाटांमागे एक मावशी असते ते विचारा. कूस बदलल्याची वही मागून घ्या आणि काल रात्री दोनची नोंद आहे का बघा.