एकुवेरिन म्हणजे मित्र

‘एकुवेरिन’ हा शब्द एखाद्या औषधाच्या नावासारखा वाटतो. पण तो धिवेही भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘मित्र’. धिवेही ही मालदीवची भाषा. आपलं वाङ्मय मंडळ आहे म्हणून सांगते, ही भाषा इंडो-आर्यन कुळातली, म्हणजे मराठीची लांबची नातेवाईकच. लिहितात मात्र उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे. भारत आणि मालदीव यांच्या लष्करांचा आलटून पालटून कधी इकडे, कधी तिकडे जो संयुक्त सराव होतो, त्याचं नाव एकुवेरिन. २००९ मध्ये हा सराव सुरू झाला तो आपल्या बेळगावात. २०१७ च्या डिसेंबरातही तो इथंच झाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं असल्यामुळे कॅम्पात परदेशी जवान दिसले तरी बेळगावकर फारसे वळून बघत नाहीत. २०२२ मध्ये जपानचे जवानसुद्धा सरावाला येऊन गेले.

आता जानेवारी २०२४ आठवा. पंतप्रधानांनी लक्षद्वीपचे फोटो टाकले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर घाणेरडी शेरेबाजी केली आणि आपल्याकडे ‘बॉयकॉट मालदीव’ सुरू झालं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका दिवसात तसले बावीस मेसेज आले. त्या ग्रुपवरचं कुणीही मालदीवला गेलेलं नाही, जायची शक्यताही नाही. आमची धाव गोवा नाहीतर मालवण. आजी म्हणाली, “जायचंच नव्हतं तर न जायचं कशाला सांगायलेत?” तिचं म्हणणं मला पटलं, पण मला वेगळाच प्रश्न पडला. या दोन देशांत नेमकं बिनसलं होतं कशावरून? शेरेबाजी हे निमित्त होतं. खरं दुखणं लष्करी होतं आणि ते आधीपासूनचं होतं.

भारतानं मालदीवला दोन हेलिकॉप्टर्स आणि एक डॉर्नियर विमान दिलेलं आहे. मालदीव म्हणजे समुद्रात विखुरलेली हजारभर बेटं, वस्ती पाच लाखांच्या थोडी वर. एखाद्या लांबच्या बेटावर कुणाचं पोट दुखायला लागलं, बाळंतीण अडली, तर मालेच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायला हीच हेलिकॉप्टर्स आणि हे विमान. समुद्रावर लक्ष ठेवायचं कामही त्यांच्याकडंच. ती चालवायला आणि दुरुस्त ठेवायला ऐंशीच्या आसपास भारतीय लष्करी माणसं तिथं होती. फौजफाटा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. शिवाय जुनी ओळख होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा तिथले अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून आपले छत्रीधारी सैनिक निघाले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली तेव्हा भारतानं विमानानं आणि जहाजानं प्यायचं पाणी पाठवलं.

मग एवढं असून राग का? आपल्याकडच्या बहुतेक मेसेजांत याचं उत्तर एका शब्दात होतं, ‘उपकार विसरले.’ मला ते पुरेसं वाटत नाही. पाहुणा कितीही भला असला तरी तो किती दिवस राहणार हे घरच्यांनी ठरवायचं असतं. परक्या देशाच्या लष्कराची माणसं आपल्या मातीवर आहेत आणि त्याबद्दलचे करार आपल्याला नीट दाखवले जात नाहीत, असं तिथल्या काही लोकांना वाटत होतं. त्यातून ‘इंडिया आउट’ ही मोहीम उभी राहिली. मोहम्मद मुइझ्झू यांनी २०२३ ची निवडणूक त्याच वाऱ्यावर जिंकली आणि नोव्हेंबरात पदावर येताच भारताला ही माणसं परत न्यायला सांगितलं. यात राजकारण होतं, चीनचा हिशेब होता, खोटा प्रचारही होता. पण भावना पूर्ण बनावट नव्हती.

ती भावना ओळखायला आपल्याला फार लांब जायला नको. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेची ‘जॉन पॉल जोन्स’ ही युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवर, म्हणजे भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, न विचारता फिरून गेली. वर अमेरिकेच्या सातव्या आरमारानं तसं जाहीर केलं, की आम्ही भारताची परवानगी मागितलेली नाही आणि ती लागतही नाही. याच अमेरिकेबरोबर पाच महिन्यांपूर्वी ‘मलबार’ सराव झाला होता. आपल्या सरकारनं राजनैतिक मार्गानं नाराजी कळवली. तेव्हा आमच्या ग्रुपवर काय आलं? काही नाही. आयफोन फेकून द्या असं कुणी म्हटलं नाही. अमेरिका मोठी, तिच्याकडं आपली पोरं शिकायला जायलेत. मालदीव छोटा, त्याच्यावर हात साफ करायला सोपा. मित्रराष्ट्राशी लष्करी कुरबूर झाली की आपला राग अपमान किती मोठा ते बघत नाही, समोरचा किती लहान ते बघतो, असं मला दिसलं.

आणि तोवर सरकारं काय करत होती? मालेनं त्या तीन उपमंत्र्यांना ७ जानेवारीलाच निलंबित केलं. दोन्ही देशांचे अधिकारी चर्चेला बसले. १० मे २०२४ पर्यंत सगळी लष्करी माणसं परत आली आणि त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टर्स तिथंच राहिली, रुग्णांची ने-आण चालू राहिली. एप्रिलमध्ये तर भारतानं मालदीवला अंडी, बटाटे, तांदूळ, साखर, वाळू पाठवायला आजवरची सगळ्यात मोठी मुभा दिली. त्यात सुमारे ३५,७०० टन कांदा होता. इथं कांद्यावर निर्यातबंदी होती आणि आपला शेतकरी कपाळाला हात लावून बसला होता, तेव्हाची ही गोष्ट! (त्यावर एक वेगळा लेख होईल.) म्हणजे दिल्ली कांदा पाठवत होती आणि आम्ही बहिष्कार पाठवत होतो.

बहिष्कार मात्र खरा लागू पडला. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, सुमारे २ लाख ९ हजार. २०२४ मध्ये ते सुमारे १ लाख ३० हजारांवर आले. याची झळ उपमंत्र्यांना किती बसली कुणास ठाऊक. होडी चालवणारा, खोल्या झाडणारा, छोटं गेस्टहाउस काढून बसलेला, यांना नक्की बसली असणार. तिथल्या शाळांत आणि दवाखान्यांत भारतातून गेलेले शिक्षक आणि नर्स आहेत, त्यांना त्या दिवसांत वर्गात, वॉर्डात उभं राहताना कसं वाटलं असेल?

मी निपाणीची आहे, म्हणून हे मला पुस्तकी वाटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दोन राज्यांच्या सरकारांचं सीमाप्रश्नावरून वाजलं आणि हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं, महाराष्ट्राच्या एसटी गाड्या इकडं यायच्या बंद झाल्या. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. दवाखाना तिकडं, लग्न तिकडं, मावशी कागलला. त्या ट्रकच्या ड्रायव्हरनं सीमाप्रश्नावर काय भाषण केलं होतं? सीमाप्रश्नाचा आग्रह धरणं मी चूक मानत नाही, माझ्या घरात तो आग्रह तीन पिढ्यांचा आहे. पण आग्रह सरकारला ऐकवायचा असतो, काचेला नाही.

तर मग नागरिकानं गप्प बसावं का? मुळीच नाही. त्या शेरेबाजीचा निषेध करायलाच हवा होता आणि मालदीवमधल्या कित्येकांनी, माजी अध्यक्षांसकट, तो केलाही. त्यांचा निषेध मला आपल्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो स्वतःच्या सरकारविरुद्ध होता. आपल्यालाही तसं करता आलं असतं. ती माणसं तिथं कुठल्या कराराखाली होती, तो लोकांपुढं का आला नाही, हे आपल्या खासदारांना विचारता आलं असतं. लक्षद्वीपची एवढी जाहिरात करणाऱ्यांनी मिनिकॉय बेटाबद्दल वाचलं असतं तरी बरं झालं असतं. मिनिकॉय भारताचं, पण तिथले लोक बोलतात ती भाषा मालदीवच्या धिवेहीचंच रूप. दोन्ही देशांनी १९७६ मध्ये समुद्रातली हद्द करारानं ठरवली आणि भाषा दोन्हीकडं राहिली. भाषा एका बाजूला आणि हद्द दुसऱ्या बाजूला म्हणजे काय, हे बेळगाव-निपाणीवाल्यांना कुणी समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू दिल्लीला आले, जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून गेले. या दोन भेटींच्या मध्ये, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एकुवेरिनचा तेरावा सराव झाला, तोही मालदीवच्याच भूमीवर, ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आलेल्या अध्यक्षांच्या राज्यात. त्याच फेब्रुवारीत बेळगावजवळ एका कंडक्टरला मारहाण झाली, भाषेवरून वाद पेटला आणि आपल्या बसगाड्या पुन्हा एकदा हद्दीवर थांबल्या.