तलावाची पाळ

पावसाळ्यात तुम्ही कधी तलावाच्या पाळीवर उभे राहिला आहात का? एका बाजूला अथांग पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेते व घरे. मध्ये असते ती फक्त माती. ही माती एवढे पाणी कशी अडवते?

मातीचे धरण म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मातीमुरुमाचा दाबून केलेला भराव असतो. लाटांनी माती धुपू नये म्हणून पाण्याच्या बाजूला दगड रचतात. जादा पाणी निघून जावे म्हणून सांडवा ठेवतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा धरणही मातीचेच आहे.

अशा धरणाचे दोन मोठे शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. ते माती कापत जाते आणि बघता बघता धरणाला खिंडार पडते. दुसरा शत्रू म्हणजे आतली गळती.

धरण लहान आहे, म्हणून निष्काळजी राहावे का? अमेरिकेतील एक घटना ऐका. पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे मातीचे जुने धरण होते. ते कालव्यासाठी बांधले होते. पुढे श्रीमंतांच्या एका क्लबने ते विकत घेतले. तेथे नौकाविहार आणि मासेमारी चाले. तळाचे पाणी सोडण्याचे नळ आधीच काढून टाकलेले होते. ते पुन्हा बसवले नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पाऊस झाला. जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागले आणि धरण फुटले. खाली जॉन्सटाऊन शहर होते. या पुरात २२०९ माणसे मेली. मौज मूठभरांची होती, किंमत मात्र इतरांनी मोजली.

आपल्या राज्यातही असे दुःख घडले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. अनेकांचे प्राण गेले. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती.

म्हणून पाळीवर गेलात, तर डोळे उघडे ठेवा. पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी पाझरणे नेहमीचे असते. पण पाझर वाढला किंवा पाणी गढूळ झाले, तर समजा की पाण्याबरोबर आतली माती वाहून जात आहे. पाळीवर वाढलेली झाडे, उंदरांची बिळे, नवी भेग, खचलेला माथा, कचऱ्याने बुजलेला सांडवा, हीही धोक्याची चिन्हे आहेत. असे काही दिसले, तर तेथे थांबू नका. लगेच घरी, शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीत सांगा. धरण सरकारी असो वा खाजगी, त्याचे पाणी खालच्या गावाला ओळखत नाही.