तब्येतीचं आपण डॉक्टरऐवजी गुगलला का विचारतो? आणि ते उत्तर नेमकं येतं कुठून?



गुगलने २०१६ मध्ये एक आकडा सांगितला होता. त्यांच्याकडे होणाऱ्या एकूण सर्चपैकी साधारण १ टक्का सर्च हे आजारांच्या लक्षणांबद्दल असतात. १ टक्का ऐकायला कमी वाटतो, पण गुगलच्या हिशोबात ही संख्या कोट्यवधींत जाते. म्हणजे डोकं दुखलं, पुरळ उठलं, पाळी लांबली की आधी फोन उघडणारे तुम्ही एकटे नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲपमधलं सर्च कसं चालतं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. म्हणून आज औषधं सांगणार नाही, तर फोनवरचं ते उत्तर कसं तयार होतं आणि त्यावर किती विसंबायचं ते पाहूया.

मुळात डॉक्टरऐवजी फोन का?

"लोक आळशी झालेत" असं म्हणणं सोपं आहे, पण खरं कारण तसं नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे फी, रिक्षा, तासभर नंबर लावून बसणं आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. एवढं करून आत गेल्यावर दोन मिनिटांत "व्हायरल आहे, या गोळ्या घ्या" असं ऐकून बाहेर यायचं. मनातले प्रश्न मनातच राहतात.

दुसरं कारण म्हणजे लाज. फॅमिली डॉक्टर बाबांना ओळखतात, मेडिकलवाला शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो. मग लैंगिक आजार, पाळीचा त्रास किंवा सततची उदासी याबद्दल विचारायचं कुणाला? फोन रात्री दोनलाही जागा असतो, फी घेत नाही आणि "लग्न झालंय का?" असंही विचारत नाही. ही गरज खरी आहे. अडचण उत्तराच्या बाजूला आहे.

सर्च नेमकं काय करतं?

तुम्ही लक्षण टाइप करता तेव्हा सर्च इंजिन तुम्हाला तपासत नाही. त्या शब्दांशी जुळणारी पानं शोधतं आणि त्यांचा क्रम लावतं. म्हणजे "मला काय झालंय?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते देत नाही. "या शब्दांबद्दल काय काय लिहिलेलं आहे?" याचं उत्तर देतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता विचार करा, कशाबद्दल जास्त लिहिलं जातं? साध्या सर्दीवर कुणी दहा लेख लिहीत नाही, पण दुर्मीळ आणि भीतीदायक आजारांवर ढिगाने लिहिलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी २००८ मध्ये हेच तपासलं. डोकेदुखी सर्च केल्यावर येणाऱ्या निकालांत, कॅफिन अचानक बंद केल्याने दुखणारं डोकं आणि मेंदूतली गाठ या दोन्ही गोष्टी जवळपास सारख्याच प्रमाणात दिसत होत्या. प्रत्यक्षात मेंदूतली गाठ कितीतरी दुर्मीळ. साध्या लक्षणावरून थेट गंभीर आजाराच्या भीतीपर्यंत पोचण्याला त्यांनी 'सायबरकाँड्रिया' हा शब्द वापरला.

त्यात सर्च बॉक्समध्ये आपोआप येणाऱ्या सूचनांची भर. त्या इतर लोकांनी केलेल्या सर्चवरून बनतात. घाबरलेल्या लोकांनी जे शोधलं, तेच तुम्हालाही सुचवलं जातं.

एक उदाहरण : पावसाळ्यातला ताप

पण घाबरवणं हा एकच धोका नाही. नको तिथे निर्धास्त करणं जास्त महागात पडतं.

समजा, पावसाळ्यात ताप आलाय आणि अंग खूप दुखतंय. तुम्ही "ताप अंगदुखी गोळी" असं सर्च केलं. समोर एखाद्या पेनकिलरचं नाव आलं आणि ती मेडिकलमध्ये सहज मिळालीसुद्धा. पण ताप डेंग्यूचा असेल तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर त्या टाळायला सांगतात. बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, डेंग्यूत ताप उतरायला लागतो तोच काळ कधीकधी सगळ्यात धोक्याचा असतो. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती असं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. व्हॉट्सॲपवरचा पपईच्या पानांचा रस पिऊन "ताप उतरला, बरं झालं" म्हणत घरी बसणं इथे जिवावर बेतू शकतं.

तुमच्या भागातल्या डॉक्टरला एक गोष्ट माहीत असते जी सर्च बॉक्सला तुम्ही सांगितलेलीच नसते : या आठवड्यात याच गल्लीतून डेंग्यूचे चार पेशंट आलेत. शिवाय तो पोट दाबून बघतो, बीपी घेतो, रक्त तपासायला सांगतो.

मग एआय चॅटबॉट?

चॅटबॉट मराठीत छान समजावतो, पण त्याच्याकडे माहिती तेवढीच, जेवढी तुम्ही टाइप केली. कोणती गोष्ट महत्त्वाची आहे हे तुम्हालाच माहीत नसेल तर ती तुम्ही लिहिणारच नाही. आणि चुकीचं उत्तरही तो तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतो.

"इन्कॉग्निटोमध्ये बघतो, कुणाला कळणार नाही"

इन्कॉग्निटोमुळे तुमच्या फोनवर हिस्ट्री राहत नाही, एवढंच. तुम्ही उघडलेली वेबसाइट आणि इंटरनेट कंपनी यांच्यापासून तुम्ही लपत नाही. ॲपचंही तसंच. पाळीची नोंद ठेवणाऱ्या 'फ्लो' या ॲपवर युजर्सची आरोग्याची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप झाला होता आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर त्यांना तडजोड करावी लागली. डॉक्टरांवर मात्र पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन असतं.

फोन असा वापरा

• निदानासाठी नको, तयारीसाठी वापरा. त्रास कधी सुरू झाला, ताप किती, कोणती गोळी घेतली हे नोट्समध्ये लिहा. विचारायचे तीन प्रश्नही लिहून न्या. मग ती दोन मिनिटं कामी येतात.

• डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर सर्च करा. तेव्हा योग्य पानं सापडतात. जागतिक आरोग्य संघटना, सरकारी आरोग्य विभाग अशा साइट आधी बघा.

• जाणं शक्य नसेल तर 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेवर डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर मोफत बोलता येतं. मानसिक त्रासासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

• समोरचा डॉक्टर खरा आहे का अशी शंका असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर नाव शोधून बघा.

• छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी, साप चावणं, यात सर्च करत बसू नका. १०८ लावा.

डॉक्टरांकडे वेळ कमी आहे आणि काही प्रश्न विचारायला लाज वाटते, या दोन्ही अडचणी फोनने थोड्या हलक्या केल्यात, हे मान्य. पण नाडी बघायला शेवटी माणूसच लागतो.

हा लेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका. पपईच्या पानांच्या मेसेजखाली टाकलात तर आणखी बरं!