चाकावरचे बिऱ्हाड आणि बंद झालेली वाट

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ओटा, माजघर, परसातला गोठा असे काही उभे राहते. पण जगात पुष्कळ माणसे अशी आहेत की त्यांचे घर त्यांच्याबरोबर चालते. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत नोकरीतून मोकळी झालेली काही जोडपी राहते घर विकून टाकतात आणि एक मोठी मोटार घेतात. तिच्यात झोपायची सोय, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी सगळे असते. थंडीत उबदार मुलखात, उन्हाळ्यात गारव्याला, असा त्यांचा बारा महिन्यांचा फेरा. या गाडीला तिकडे मोटारहोम म्हणतात.

आपल्याला ही श्रीमंतांची हौस वाटेल. पण चालत्या घराची रीत आपल्याला नवी नाही. धनगराचा वाडा घोड्यावर चालतो, ऊसतोड्याचा संसार बैलगाडीवर. आणि मुंबईत अंधेरीसारख्या उपनगरात तीन चाकांच्या रिक्षेचेसुद्धा घर झालेले लोकांनी पाहिले आहे. ते कसे, ते पुढे सांगतो.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महासाथ जाहीर केली. २५ मार्चपासून आपल्या देशात टाळेबंदी लागली. ती आधी एकवीस दिवसांची होती, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी लांबत गेली. तिकडे ऑस्ट्रेलियात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची वाट बंद झाली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने ५ एप्रिल २०२० रोजी हद्द बंद केली ती पूर्णपणे उघडायला ३ मार्च २०२२ उजाडले. मोटारहोम उभी करायचे तळही जागोजागी बंद झाले. सरकारचा हुकूम एकच, घरी बसा. ज्याचे घर रस्त्यावर, त्याने बसायचे कोठे, याचे उत्तर त्या हुकुमात नव्हते. ते आपल्या इथल्या हुकुमातही नव्हते.

आता अंधेरीचे घ्या. पश्चिम रेल्वेवरचे हे मोठे स्टेशन. पूर्वेला मरोळ, एमआयडीसीचे कारखाने, पश्चिमेला सिनेमावाल्यांची वस्ती. मरोळचे सेव्हन हिल्स हॉस्पिटल तेव्हा कोरोनाच्या रोग्यांसाठी राखून ठेवले होते. या भागात रिक्षा चालवणारे बरेचसे लोक उत्तर प्रदेशातले, जौनपूर, आझमगड, प्रतापगड अशा जिल्ह्यांतले. तीही शेतकऱ्यांचीच मुले. गावी दोन-चार बिघे जमीन, ती भावांत वाटलेली, म्हणून एक भाऊ मुंबईला. टाळेबंदीत रिक्षा बंद, म्हणजे रोजची कमाई बंद. खोलीचे भाडे मात्र चालू. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण पाळीपाळीने झोपणारे. सगळेच घरी बसले तर आडवे व्हायलाही जागा नाही.

१ मेपासून मजुरांसाठी खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या. पण नाव नोंदवायचे, डॉक्टरचा दाखला आणायचा आणि बोलावणे येण्याची वाट पाहायची. कित्येकांना धीर धरवला नाही. त्यांनी दारातली रिक्षाच गावी न्यायचे ठरवले. मे महिन्यात मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून एमएच ०२, ०३, ०४ अशा पाट्यांच्या रिक्षांची रांग लागलेली होती. मागच्या बाकावर बायको, दोन मुले, पायाशी स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचे कॅन, टपावर गाठोडे. मुक्काम पेट्रोल पंपावर किंवा झाडाखाली, आणि झोप बसल्या बसल्या. मुंबईपासून जौनपूर सुमारे दीड हजार किलोमीटर. तीन माणसांना अंधेरीतून विलेपार्ल्याला न्यायचे जे वाहन, त्याने हा पल्ला चार-पाच दिवसांत गाठायचा.

यातली अडचण इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळेल. मुंबईची रिक्षा गॅसवर चालते. पेट्रोलची टाकी असते ती अडीनडीपुरती, दोन-तीन लिटरची. नाशिक सोडले की गॅसचा पंप सहज मिळत नव्हता. म्हणजे दर थोड्या अंतराला पेट्रोल भरणे आले. त्यात लहान इंजिन तापते, त्याला मधून मधून विसावा द्यावा लागतो. म्हणून पहाटे आणि रात्री चालायचे, दुपारी सावली धरायची. आपण मेच्या उन्हात बैल जसे चालवतो तसेच हे. वाटेत नाशिक, धुळ्याकडच्या लोकांनी पाणी, जेवण, चपला दिल्या हेही नोंदवले पाहिजे. पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर बिजासनी घाटात मात्र हजारो माणसे अडकून पडली होती. रिक्षावाल्याच्या हाती निदान चाके होती. जालन्याहून रुळावरून पायी निघालेले १६ मजूर ८ मेच्या पहाटे करमाडजवळ झोपेतच मालगाडीखाली गेले.

अंधेरी-गोरेगावात खऱ्या मोटारहोमसारख्या गाड्याही आहेत. नट-नट्यांना चित्रीकरणाच्या जागी आराम करायला लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन त्या. १९ मार्चपासून चित्रीकरण थांबले आणि या गाड्या निकामी उभ्या राहिल्या. पुढे त्यांतल्या काही बंदोबस्तावरच्या पोलिसांना वापरायला दिल्या. रस्त्यावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या महिला शिपायांना संडास-मोरी मिळाली. मला ही सगळ्या हकिगतीतली शहाणपणाची गोष्ट वाटते.

कोकणातल्या वाचकांना दुसरी एक आठवण असेल. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरचे चाकरमानी गावी यायला निघाले तेव्हा सरकारने सांगितले की १२ ऑगस्टच्या आत पोहोचा आणि दहा दिवस वेगळे राहा. नंतर येणाऱ्याने तपासणी करून या. दोन-चार दिवसांची रजा काढणाऱ्याने दहा दिवस वेगळे राहायचे आणि मग आरतीला बसायचे! पुष्कळांनी बेत रद्द केला. पिढ्यान्पिढ्या न चुकलेली वारी त्या साली चुकली.

आता आपल्या जवळचे सांगतो. त्या एप्रिलमध्ये ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. बीड, नगरकडचे मजूर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात कारखान्यांच्या तळावर कोप्यांत अडकले. ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार माणसे असल्याचे सरकारनेच तेव्हा सांगितले. तोड संपली म्हणजे मजुरी संपली, उचल फिटो न फिटो. बैलांना वैरण विकत, आणि वाडे मिळायचे तेही बंद. १७ एप्रिलला सरकारने त्यांना घरी सोडायची परवानगी दिली. तपासणी करायची, याद्या करायच्या, गावच्या सरपंचाला कळवायचे आणि कारखान्याने पोहोचवायचे असे ठरले. पण काही गावांनी आपल्याच माणसांना वेशीबाहेर थांबवले. भीती होती हे खरे. तरी पोटासाठी सहा महिने बाहेर राहिलेल्याला शाळेची खोली आणि एक हंडा पाणी देणे काही अवघड नव्हते. ज्या गावांनी दिले तिथे काही बिघडले नाही.

धनगरांचे हाल तर फारसे कोणी पाहिलेच नाहीत. दिवाळीनंतर देशावरचे वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आत परततात. त्या साली परतीच्या वाटेवरच गावोगावी काठ्या आडव्या पडल्या. आठवड्याचे बाजार बंद, म्हणून कोकरू विकता येईना आणि दाणे घेता येईनात. कित्येक शेतकऱ्यांनी दरवर्षी ज्यांची मेंढरे रानात बसवली त्यांनाच परत पाठवले. यात शेतकऱ्याचेही नुकसान झाले, ते हिशेबाने सांगतो. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, मेंढीच्या खतात सुमारे तीन टक्के. शिवाय स्फुरद एक टक्का आणि पालाश दोन टक्के. मूत्र जागेवरच मुरते, वाहतूक नाही, उकिरडा नाही. रानात वाडा बसतो तो वस्तीपासून लांब, उघड्यावर. दारात उभे राहून बोलण्यापेक्षा त्यात धोका कमीच होता.

बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने आता काही गोष्टींची तजवीज करून ठेवावी. रेशन कार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नये. एक देश एक रेशन कार्ड योजना २०२२ पासून सगळ्या राज्यांत लागू आहे. कार्ड आधारशी जोडलेले असेल तर धान्य जिथे असाल तिथल्या दुकानातून उचलता येते. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या वाट्याचे गावातच मिळते, तेव्हा कोण किती कोठे उचलणार हे निघण्याआधी ठरवावे. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकाकडे आहे. ते दसऱ्याच्या आत मागून घ्यावे, मुकादमाच्या यादीवर विसंबू नये.

जनावरांचेही तेच. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा सप्टेंबरात जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद झाली. ऐन हंगामाच्या तोंडावर गाडीवाल्यांचे बैल दावणीला अडकले. लस टोचून २८ दिवस झाल्याशिवाय आणि दाखल्याशिवाय बैल हलवता येईना. २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची वाहतूकही करता येत नाही. म्हणून गणपती उठले की बैलजोडी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी, लस आणि बिल्ला दोन्ही करून घ्यावे आणि दाखल्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या पेटीत ठेवावा. मेंढपाळांनी आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी, मे महिन्यातच टोचून घ्यावी. वाडा तेव्हा परतीच्या वाटेवर असतो, तेव्हा वाटेतल्या दवाखान्याशी निदान पंधरा दिवस आधी बोलून ठेवावे.