घर तेच, माणसे बदलती

घराचा आराखडा काढणारा एका वेळचे कुटुंब डोळ्यांपुढे धरतो. राहणारे मात्र त्यात तीस-चाळीस वर्षे काढतात. तेवढ्यात पाळणा बांधला जातो, मुले अभ्यासाला बसतात, सून येते, म्हातारपण खाटेला खिळते. भिंती जागच्या हलत नाहीत. मग जुळवून घ्यायचे कोणी? आजवर ते बहुधा घरातल्या बाईनेच घेतले आहे.

मुंबईच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. कामगार चळवळीच्या निमित्ताने अशा खोल्यांतून आम्ही पुष्कळ बसलो. दिवसाची बैठक रात्री निजायची जागा होई. पोटमाळ्यावर सामान, पडद्याआड नवे जोडपे, व्हरांड्यात पोरे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणावर. ही हौस नव्हे, नाइलाज होता. पण एका जागेला एकच काम बांधून द्यायचे नाही, एवढे शहाणपण त्यातून घेण्यासारखे आहे.

पुनर्विकासात या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे ठरली. वरळीत २०२५ साली पहिल्या किल्ल्या हाती आल्या. जागा तिपटीने वाढली. तरी ही दिवाणखान्याची, ती निजायची, असे कायमचे ठरवून टाकले तर तीही अपुरी पडेल.

म्हणून काय हलू शकते आणि काय नाही, हे आधी ओळखावे. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ सहसा हलत नाहीत. तेव्हा स्वयंपाकघर व न्हाणीघर आहे तिथेच ठेवावे. अनेक उंच इमारतींत आतल्या भिंतीही इमारतीचा भार वाहतात. इंजिनिअरला विचारल्यावाचून कुठेही हातोडा चालवू नये. उरलेल्या जागेत आडोसा करायचा तर आधी फरशी सलग घालून मग लाकडी पार्टिशन उभारावे. पुढे काढले तरी फरशीत खाच राहत नाही. दोन्ही भागांना उजेड, वारा आणि दिव्याचे वेगळे बटण मिळेल, हे पाहावे. पार्टिशनऐवजी दोन्हीकडून उघडणारे कपाट ठेवले तर आडोसा आणि साठवण दोन्ही साधतात. न्हाणीघराचे दार शक्यतो तीन फुटांचे असावे, उंबरठा नसावा. आज त्यातून बादली जाते, उद्या चाकांची खुर्ची जाईल.

ही कल्पना परकी नाही, तशी नवीही नाही. हॉलंडमधील उट्रेख्ट येथे १९२४ साली त्रुस श्रोडर या तीन मुलांच्या विधवा आईने वास्तुकार रीटव्हेल्ट यांच्याबरोबर घर आखले. त्याचा वरचा मजला सरकत्या भिंतींनी खोल्यांत विभागता येई, आणि त्या सरकवल्या की एकच दालन होई. घर आखताना राहणारीचे मत घेतले गेले, हे आम्हांला त्यात अधिक मोलाचे वाटते.

तेव्हा सुताराला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा एकत्र बसावे. कोणाला आज दार लावून बसता येत नाही, वाचायला दिवा नाही, पाठ टेकायला कोपरा नाही, हे ज्याचे त्याला बोलू द्यावे. मोजपट्टी त्यानंतर काढावी.