पाळीव पक्ष्यासाठी पिंजरा किती मोठा हवा?

बंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील रसेल मार्केटच्या परिसरात पाळीव पक्षी विकणारी दुकाने अनेक वर्षांपासून आहेत. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट जसे परिचित, तसेच बंगळुरूच्या रहिवाशांना हे ठिकाण. अशा बाजारात आलेला ग्राहक पक्ष्याचा रंग पाहतो, तो बोलायला शिकेल का याची चौकशी करतो, भावाची घासाघीस करतो आणि अगदी शेवटी, निघता निघता, एखादा पिंजरा उचलतो. हा पिंजरा बहुधा हातात धरून रिक्षातून नेता येईल एवढाच असतो. पक्ष्याचे उर्वरित आयुष्य मात्र त्यातच जायचे असते. बजरीगरसारखा लहान पक्षी नीट सांभाळल्यास ५ ते १० वर्षे जगतो, कॉकटिएल १५ ते २० वर्षे, तर आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट ४० वर्षांहूनही अधिक काळ सोबत करू शकतो.

त्यामुळे खरेदीचा हा क्रम उलटा असणे आवश्यक आहे. घरातील मोकळी भिंत आधी मोजावी, तिच्यालगत किती लांबीचा पिंजरा राहील ते ठरवावे आणि त्या पिंजऱ्यात सुखाने राहू शकेल असाच पक्षी निवडावा. जागा नसेल तर पक्षी न घेणे हाही एक निर्णय आहे.

कायद्यातील तरतूद

पिंजऱ्याच्या आकाराचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा याबाबत स्पष्ट आहे. ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देण्याइतकी नाही, अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान १० आणि कमाल ५० रुपये दंडाची तरतूद आहे. एवढ्या रकमेत आज बरा पिंजरा तर सोडाच, पक्ष्याचे महिन्याचे धान्यही येणार नाही.

घरगुती पिंजऱ्यासाठी या कायद्याने सेंटीमीटर किंवा फुटांचा कोणताही आकडा दिलेला नाही. ब्रिटनमधील १९८१ च्या वन्यजीव कायद्यातही आकडा नाही. पिंजऱ्यात पक्ष्याला पंख मोकळेपणाने पसरता आले पाहिजेत, एवढीच कसोटी तेथे आहे. भारतीय कायद्यातील ‘वाजवी हालचाल’ ही कसोटी त्याहून व्यापक म्हणावी लागेल. कारण पंख पसरणे आणि पंखांचा वापर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम लागू झाले व दुकानांना नोंदणी बंधनकारक झाली. तथापि दुकानातील पिंजरा हा विक्रीपर्यंतचा मुक्काम असतो. तो पाहून घरच्या पिंजऱ्याचे माप ठरविणे चुकीचे ठरते.

न्यायालयांनीही या विषयाची दखल घेतली आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, आकाशात उडणे हा पक्ष्यांचा हक्क आहे, असे मत नोंदविले.

लांबी महत्त्वाची, उंची नव्हे

पिंजरा निवडताना सर्वाधिक फसगत उंचीमुळे होते. मनोऱ्यासारखा उंच पिंजरा भव्य दिसतो आणि घरात जागाही कमी व्यापतो. परंतु पक्षी हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर जात नाही. तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आडवा उडतो. दोन फूट लांब, दीड फूट रुंद व चार फूट उंच पिंजरा आणि चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच पिंजरा यांचे घनफळ सारखेच, म्हणजे १२ घनफूट भरते. पहिल्यात पक्षी फक्त चढतो-उतरतो. दुसऱ्यात त्याला पंखांची काही फडफड करून पलीकडच्या दांडीवर पोहोचता येते. किंमत सारखी असली तरी पक्ष्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे.

बजरीगरचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रात आणि अन्यत्रही या पक्ष्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते. प्रत्यक्षात बजरीगर हा ऑस्ट्रेलियातील, तर खरा लव्हबर्ड आफ्रिकेतील पक्षी आहे. त्याची चोच अधिक बळकट असते आणि पातळ तारेचा पिंजरा तो सहज वाकवितो. म्हणून नावाची ही खातरजमा पिंजरा घेण्यापूर्वी झालेली बरी. बजरीगरची लांबी सुमारे १८ सेंटीमीटर असते, पण पंख पसरल्यावर तो सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे एक फूट भरतो. साहजिकच एक फूट रुंदीच्या पिंजऱ्यात पंख उघडताच त्याची दोन्ही टोके जाळीला लागतात. बाजारात याच मापाचे पिंजरे मोठ्या प्रमाणावर दिसतात.

जर्मनीत तज्ज्ञांच्या समितीने १९९५ मध्ये पोपटवर्गीय पक्ष्यांसाठी किमान मापे सुचविली. त्यांनुसार २५ सेंटीमीटरपर्यंत लांबीच्या पक्ष्यांच्या एका जोडीस १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद व अर्धा मीटर उंच जागा हवी. बजरीगर या गटात मोडतो. २५ ते ४० सेंटीमीटर लांबीच्या पक्ष्यांसाठी हेच माप २ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर उंच असे दुप्पट होते. सुमारे ३२ सेंटीमीटरचा कॉकटिएल आणि त्याच्याहून किंचित मोठा आफ्रिकन ग्रे हे दोन्ही या गटात येतात. बंगळुरूतील दोन शयनकक्षांच्या सदनिकेत दोन मीटर लांबीचा पिंजरा ठेवणे किती कुटुंबांना शक्य होईल, हा प्रश्न पक्षी घेण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे.

पक्षी दररोज काही तास पिंजऱ्याबाहेर उडणार असेल तर यापेक्षा लहान माप चालते, असे पक्षीपालनाच्या अनेक पुस्तिकांत सांगितलेले असते. एका कॉकटिएलसाठी २ फूट लांब, दीड फूट रुंद व २ फूट उंच, तर आफ्रिकन ग्रेसाठी ३ फूट लांब, २ फूट रुंद व ४ फूट उंच ही मापे त्यांत आढळतात. मात्र ‘दररोज बाहेर’ ही अट त्यात गृहीत असते. पती-पत्नी दोघेही नोकरीला जाणारे, त्यात शहरातील वाहतूक कोंडी, असे असताना दहा-अकरा तास बंद राहणाऱ्या घरात ही अट पाळली जाण्याची शक्यता कमीच. तेथे मोठ्या मापाकडेच जावे. हालचाल न मिळालेल्या पक्ष्यांत लठ्ठपणा आणि यकृतात चरबी साठणे हे विकार आढळतात. कंटाळलेले पोपट स्वतःचीच पिसे उपटू लागतात.

शिवाय यांतील बहुतेक जाती थव्याने राहणाऱ्या आहेत. एकटा पक्षी आणून नंतर ‘त्याला सोबत’ म्हणून दुसरा आणला जातो, पिंजरा मात्र तोच राहतो. म्हणून सुरुवातीपासूनच दोघांचे माप धरणे श्रेयस्कर.

गज, धातू आणि दांड्या

पिंजरा प्रशस्त असला तरी दोन गजांमधील अंतर चुकल्यास तो घातक ठरू शकतो. बजरीगर व फिंच यांसाठी हे अंतर सुमारे १२ मिलिमीटरहून अधिक नसावे, अन्यथा डोके अडकण्याचा धोका असतो. कॉकटिएलसाठी १५ ते १९ मिलिमीटर, तर आफ्रिकन ग्रेसाठी १९ ते २५ मिलिमीटर अंतर योग्य मानले जाते. पोपट चोचीच्या आधाराने चढतात. त्यामुळे किमान दोन बाजूंचे गज आडवे असणे सोयीचे. घुमटाकार पिंजरे देखणे दिसतात, परंतु वर तारा एकत्र येतात तेथे फट निमुळती होत जाते आणि तीत बोटे अडकतात.

जस्ताचा मुलामा दिलेली जाळी पोपटवर्गीय पक्षी कुरतडतात आणि जस्त पोटात जाऊन विषबाधा होते. त्यामुळे स्टेनलेस स्टील सर्वांत निर्धोक, पण महाग. आतील दांड्या एकाच जाडीच्या नसाव्यात. पेरू किंवा कडुनिंबाच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या स्वच्छ धुऊन लावल्यास पायांवर एकाच ठिकाणी दाब येत नाही. दांड्या दोन टोकांना लावून मधली जागा मोकळी ठेवावी. झोके, घंटा, आरसे यांनी ती भरून गेली, तर मोठा पिंजरा घेण्याचा हेतूच निष्फळ होतो.

पिंजरा कोठे ठेवावा?

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूचे हवामान पक्ष्यांना मानवणारे आहे. त्यामुळे पिंजरा बाल्कनीत ठेवण्याचा मोह होतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत येथे सायंकाळी अचानक वादळी पाऊस कोसळतो, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंशांपर्यंत उतरते आणि घारी, कावळे, मांजरे यांचा वावर तर बाराही महिने असतो. अनेक सदनिकांच्या बाल्कनीला कबुतरे येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी लावलेली असते. एका पक्ष्याला बाहेर ठेवणारी ही जाळी दुसऱ्याला आत ठेवील, अशी काहींची समजूत होते. पोपटाची चोच नायलॉनचा दोरा सहज तोडते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

घरात पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी; तेवढाच पक्ष्याला आडोसा मिळतो. स्वयंपाकघर मात्र टाळावे. डोशाचा नॉन-स्टिक तवा फार तापल्यास त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. पक्षी बाहेर सोडताना छताचा पंखा बंद आणि खिडक्यांना पडदे, ही खबरदारीही तितकीच महत्त्वाची.

देशी पोपटाला माप नाही

वरील सर्व मापे विदेशी जातींसाठी आहेत. घरोघरी ‘मिठू’ म्हणून ओळखला जाणारा कंठवाला हिरवा पोपट, बाजारात पहाडी म्हणून विकला जाणारा मोठा पोपट, तोईपोपट, मैना, मुनिया या देशी पक्ष्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे वा पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार निषिद्ध आहे. १९७२ च्या या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत असून, उल्लंघन केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पिंजरा कितीही प्रशस्त असला तरी त्याने बचाव होत नाही.

विदेशी पक्ष्यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. आफ्रिकन ग्रे पोपटाला २०१७ पासून या निर्बंधांच्या सर्वांत कडक परिशिष्टात स्थान मिळाले आहे. बजरीगर, कॉकटिएल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड या तीन जाती त्या परिशिष्टांत नाहीत.

घरात आधीपासूनच देशी पोपट असल्यास बाल्कनीचे दार उघडून त्याला सोडून देणे हा उपाय नव्हे. वर्षानुवर्षे कोंडलेल्या पक्ष्याच्या उड्डाणाच्या स्नायूंची शक्ती कमी झालेली असते, अन्न शोधण्याची सवय मोडलेली असते आणि कावळ्यांपासून बचाव कसा करायचा हेही त्याला ठाऊक नसते. असा पक्षी वन विभागाकडे किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राकडे सोपवावा. बंगळुरूत केंगेरी येथे पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचे वन्यजीव रुग्णालय आहे. अशा केंद्रांत पक्ष्याला टप्प्याटप्प्याने मोठ्या जाळीदार दालनात उडण्याचा सराव दिला जातो. त्यानंतरच त्याला मोकळे सोडायचे की नाही, हे पशुवैद्य ठरवितात.