कापडात विणलेली पायवाट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि डोंगर, दलदल, जंगले तुडवीत पूर्व किनारा गाठायचा! हॅमिश ब्राऊन यांच्या कल्पनेतून १९८० साली असा एक उपक्रम सुरू झाला. ‘टीजीओ चॅलेंज’ हे त्याचे आजचे नाव. अंतर सुमारे ३०० किलोमीटर, वेळ साधारण दोन आठवडे. वाट ज्याने त्याने स्वतः आखायची.

अशा चालण्याची आठवण कशी जपावी? स्कॉटलंडमध्ये याचे एक खास उत्तर आहे. त्या प्रसंगासाठी नवे ‘टार्टन’ तयार करायचे. टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचे लोकरी कापड. पण ही नुसती नक्षी नव्हे, तिच्यामागे पक्के गणित असते.

आपण स्वतःच या चालण्याचे एक टार्टन आखून पाहू. पश्चिम समुद्रासाठी निळा, दलदलीसाठी तपकिरी, हेदरच्या फुलांसाठी जांभळा, पाइन वृक्षांसाठी हिरवा आणि पूर्व समुद्रासाठी करडा रंग घेऊ. आता धागे मोजू : निळे १२, तपकिरी २४, जांभळे १४ (चौदा दिवसांचे चौदा), हिरवे २४ आणि करडे १२. करड्या पट्ट्यापाशी पोहोचलो, की आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट क्रमाने निळ्याकडे परतायचे. कडेचे दोन पट्टे एकदाच आणि मधले तीन दोनदा मोजले, तर एक पूर्ण नमुना १४८ धाग्यांचा होतो. एका सेंटिमीटरात २० धागे धरले, तर त्याची रुंदी ७.४ सेंटिमीटर भरेल.

हाच क्रम उभ्या धाग्यांत, म्हणजे ताण्यात, आणि हाच आडव्या धाग्यांत, म्हणजे बाण्यातही ठेवतात. निळ्यावर निळा आला की शुद्ध निळा चौकोन दिसतो. निळ्यावर तपकिरी आला की मिश्र छटा. पाच रंगांच्या जोड्या दहा होतात. म्हणून शुद्ध ५ आणि मिश्र १० मिळून १५ छटा दिसू शकतात! रंग ‘न’ असतील, तर छटा न × (न + १) ÷ २.

पण रंग तर कोणी कालवले नाहीत. मग ही मिश्र छटा आली कोठून? टार्टनच्या विणीत प्रत्येक धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि प्रत्येक ओळीत एक घर सरकतो. त्यामुळे तिरप्या रेघा उमटतात आणि दोन्ही रंगांना सारखीच जागा मिळते. आपला डोळा सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचा तपशील ओळखतो. अर्ध्या मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके पावणेदोन मीटरपलीकडून त्याला वेगळे दिसत नाहीत. म्हणजे रंग कापडात नव्हे, डोळ्यात मिसळतात!

या मोजणीचे महत्त्व इतिहासानेही दाखवले आहे. १७४५ च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने १७४६ साली कायदा करून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पुरुषांना टार्टनचे कपडे वापरण्यास बंदी केली. सैनिकांना मात्र सूट होती. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास! ही बंदी १७८२ साली उठली. पुढे बॅनकबर्न गावच्या विल्सन या विणकरांनी १८१९ साली आपल्या वहीत अनेक नमुन्यांचे धागे आकड्यांनी नोंदवून ठेवले. कापड विरते, रंग विटतात. आकडे मात्र तसेच राहतात. त्या आकड्यांवरून तोच नमुना आजही विणता येतो.

आता हे काम सरकारी नोंदवही करते. ती २००९ साली सुरू झाली. नवे टार्टन नोंदवताना धाग्यांची मोजणी द्यावी लागते आणि नमुना आधीच्या कोणत्याही नमुन्यासारखा असून चालत नाही.

तुम्हीही करून पाहा. रंगीत कागदाच्या अरुंद पट्ट्या कापा, दोनांवरून दोनांखालून अशा विणा आणि भिंतीवर लावून हळूहळू मागे सरका. किती पावलांवर दोन रंगांचा एक रंग होतो? ते अंतर मोजून ठेवा. आणि हो, विणण्यापूर्वी पट्ट्यांचा क्रम वहीत लिहायला विसरू नका. कागद फाटला, तरी तुमचे टार्टन शिल्लक राहील!